छत्रीची पाठ

टीव्हीच्या डिशला आमच्या गावात सगळे छत्रीच म्हणतात. नाव छत्री, अन् पाऊस आला की पहिली बोंब हिचीच! ऐन मालिकेत चित्राचे चौकोन व्हायचे, मग पडदा निळा. दाट सरींतून वरचा सिग्नल खाली पोचत नाही, हे मला ठाऊक होतं, तरी मी चिडायचो. काका मात्र खूश. त्यांची मेंढरं घरामागच्या नदीच्या पात्रात चरायची, आणि अंगावर पाऊस यायच्या आधीच चित्र फुटतं हे त्यांनी हेरलं होतं. चित्र फुटलं की काकू परसात येऊन हाक मारायची आणि काका मेंढरं काठावर घ्यायचे. कितीदा तरी हे बरोबर निघालं. आमचा सगळ्यांचा त्या छत्रीवर लई भरवसा बसला.

त्या दिवशी पाटोद्याच्या अंगाला, पश्चिमेला, आभाळ काळंकुट्ट झालं होतं. शेजाऱ्यानं काकांना हटकलं. काका म्हणाले, घरात चित्र स्वच्छ हाय, काई येत न्हाई. काकू टीव्हीपुढं शेंगा फोडत बसली होती, मधूनमधून पडद्याकडं बघत होती. चित्र जराही हललं नाही. आमच्याकडं थेंब नव्हता, आणि नदीला लोंढा आला. काका सापडले ते लांब खाली, बाभळीत अडकलेले.

छत्रीचं तोंड दक्षिणेला, जरासं पूर्वेकडं कललेलं. त्या बाजूनं पाऊस आला तरच तिला कळणार. नदीचं पाणी येतं पश्चिमेकडून, तिच्या पाठीमागून. हे माझ्या डोक्यात शिरलं ते स्मशानातून परतताना, छपराकडं नजर गेली तेव्हा. असा संताप आला! पण काढायचा कुणावर? त्या पत्र्यावर?

तेरावं झालं. घर खायला उठायचं म्हणून मीच टीव्ही लावला. काकू भाकरी थापत होती. दुपारी दक्षिणेकडून ढग चढले, चित्र अडखळलं, चौकोन झाले. मी बंद करायला उठलो, तोवर काकू पिठाच्या हातानं परसात धावली.

"अवो, चित्र फुटलं! वर या!"

आणि कपाळावर आडवा हात धरून, काका वर येतायत का ते बघत उभी राहिली.