नवा उभा राहीपर्यंत जुना चालू

“हात काढ! जुन्याला हात लावायचा नाय, मुकुंदा!” विनायकदादा खाटेवरून ओरडले आणि सलाईनची बाटली घंटेसारखी हलली. हा त्यांचा आजारपणातला बारीक आवाज. ठणठणीत असताना ते औरंगपुऱ्यातल्या आमच्या ऑफिसात ओरडले, की शंभर किलोमीटरवरच्या फर्दापुरात लोकांचा चहा बशीत सांडायचा... खोटं वाटलं तर फर्दापुरात विचारा.

दादा आमचे प्रमुख. कुठल्या रक्तपेढीत कुठल्या गटाची पिशवी आहे, हे सांगणारं अ‍ॅप आम्ही चालवतो. ते कंटेनरमध्ये, म्हणजे बंद डब्यांसारख्या एकसारख्या प्रतींत, चालू असतं. त्या दुपारी नवी आवृत्ती चढवायची होती. मी लॅपटॉप घेऊन त्यांच्या उशाशी बसलो होतो. म्हणालो, “दादा, सगळे जुने बंद करू, नवे चालू करू. चुटकीचं काम.”

“आन् त्या चुटकीत कुणी ओ निगेटिव्ह शोधत असला तर?”

मग त्यांची रीत सुरू झाली. जुने चालूच ठेवून शेजारी एक नवा उठवायचा. स्क्रीनवर तो ‘चालू’ दिसला, मी टाळी वाजवली.

“अबे, नुसते डोळे उघडलेत त्यानं. जागा झाला का, ते बघ.”

खरंच, त्याची डेटाबेसशी गाठच पडली नव्हती. ती पडल्यावर अ‍ॅप वापरणारे थोडे लोक तिकडं वळवले, आणि एका जुन्याकडं नवे लोक पाठवणं थांबवलं. “हातातलं काम पुरं करू दे त्याला. मग जाऊ दे.” असं एकेक करत... खिडकीतलं ऊन पिवळं होत गेलं, दादांचे डोळे मिटत-उघडत राहिले, आणि मला वाटलं, ही खोलीच कुणीतरी हळूहळू बदलतंय, कुणाला कळू न देता.

दादा स्वतःचंही तसंच करत होते. आधी पासवर्ड माझ्याकडं आले, मग ग्राहकांचे फोन, मग सकाळचा आरडाओरडा. मी आपला समजत होतो, म्हातारा लई आळशी झालाय.

ते गेले त्या सकाळीही नवी आवृत्ती चढत होती. वहिनींचा फोन आला... सगळं टाकून पळावंसं वाटलं. पण एका जुन्याच्या हातात अजून कुणाचंतरी काम होतं. ते पुरं होईपर्यंत बसून राहिलो. मग निघालो.

संध्याकाळी शहागंजच्या रक्तपेढीतल्या शबानाआपांना फोन केला. दादांचं काही बोललो नाही. एवढंच विचारलं, “आपा, सकाळी अ‍ॅप कुठं अडलं होतं का?”

“नै तो,” त्या म्हणाल्या. “कुछ हुआ था क्या?”