शिवणीच्या डाव्या बाजूला

आमच्या बाबांना सगळी गल्ली मास्तर म्हणायची. शाळेतले नव्हे, शिलाईचे. दुकान लहानसं. पुढे कापड कापायचं उंच टेबल, मागच्या भिंतीला दोन मशिनं, कोपऱ्यात इस्त्री. ओल्या फडक्यावरून गरम इस्त्री फिरली की वाफेचा जो वास येतो, तो आजही कुठे आला तर माझे पाय थांबतात. बाबा फक्त पँटी शिवायचे. शर्ट शिवणाऱ्यांबद्दल त्यांचं मत फारसं बरं नव्हतं. शर्ट काय, खांद्यावर लटकतो, पँट माणसाला धरून राहते, असं म्हणायचे.

माप घेताना त्यांच्या तोंडाला लगाम नसे. कुणी श्वास रोखून पोट आत ओढलं की सांगायचे, "सोडा साहेब, पँट पोटाला शिवायचीय, अब्रूला नाही." पोलीस, प्राध्यापक, बोहल्यावर चढायला निघालेले नवरदेव, सगळ्यांच्या मांड्यांची मापं त्यांनी बिनदिक्कत घेतली. लाज म्हणून जी काही होती, ती ते घरी ठेवून येत असावेत.

मी सोळा वर्षांची होते तेव्हा ते मशिनीवरून मधेच उठू लागले. दहा मिनिटं शिवायचं, उठायचं, येरझारा घालायच्या, पुन्हा जेमतेम टेकायचं. मग जेवणही उभ्यानं सुरू झालं. पाहुणे आले तरी हे भिंतीला पाठ लावून उभे. आमची आत्या एकदा रुसून निघून गेली. दादा माझ्याजवळ दोन मिनिटं बसला नाही, हे तिनं पुढे वर्षभर साऱ्या नातेवाइकांना ऐकवलं. एका जागी मात्र ते निवांत बसायचे, आणि ती जागा म्हणजे कमोड. वर्तमानपत्र घेऊन आत गेले की बाहेर आमची रांग. आई दार वाजवून विचारायची, अग्रलेख पाठ करायला घेतलाय का. आम्ही पोट धरून हसायचो. त्या हसण्याची आता लाज वाटते, पण घर तेव्हा हसतं होतं, आणि मला ते घर फार आठवतं.

काय होतंय विचारलं तर उत्तर एकच, कंबर दुखते.

दवाखान्याचा वास आला की आईचंच ब्लडप्रेशर चढायचं, म्हणून बाबांबरोबर जायचं काम माझ्याकडे आलं. मी एक निळी फाइल केली. त्यात तारखेनुसार सगळे कागद लावलेले. डॉक्टरांनी मान वर करायच्या आत मी सुरू व्हायचे, कंबर दुखते, डाव्या बाजूला, बसलं की वाढते, झोपलं की कमी होते. एका डॉक्टरांनी माझं कौतुक केलं होतं, अशी मुलगी हवी म्हणाले. अंगावर मूठभर मांस चढल्यासारखी मी घरी आले होते.

हाडांच्या डॉक्टरांनी पट्टा दिला, वजनं लावून ताणून ठेवलं. लघवीच्या डॉक्टरांनी गोळ्यांमागून गोळ्या दिल्या. तिसऱ्यांनी सगळे रिपोर्ट चांगले आहेत म्हणून सांगितलं आणि काळजी करणं सोडा, असा सल्ला दिला. प्रत्येकजण कधी ना कधी विचारायचा, नेमकं कुठे दुखतं. मग बाबा आधी माझ्याकडे बघायचे आणि तळवा कमरेवर ठेवायचे. ते बघणं मला लख्ख आठवतं. त्याचा अर्थ मी 'तू सांग' असा लावायचे आणि सांगायचे.

असं अकरा वर्षं चाललं. शेवटी दिवसाला एक पँटही पुरी होईना. बाबांनी गिऱ्हाइकांना कापड परत न्यायला सांगितलं. आता एकच डॉक्टर, म्हणाले, तिथेही काही निघालं नाही तर दुकानाला कुलूप. ज्या माणसाला सुट्टीच्या दिवशीही करमत नसे, तो हे बोलताना माझ्याकडे बघत नव्हता.

हे डॉक्टर नसांच्या दुखण्याचे होते, दुसऱ्या गावात, बसनं दोन तासांवर. बस निम्मी रिकामी होती, तरी बाबा दांडीला धरून उभे. तिथे आमचा नंबर पुकारला आणि माझ्या लक्षात आलं की एक्स-रेचं पाकीट नोंदणीच्या खिडकीशीच राहिलं. बाबांना आत पाठवून मी धावले. परत येते तर दार लागलेलं, आणि नर्स आत सोडेना. मी बाकावर चरफडत बसले. तारखा कोण सांगणार त्यांना?

वीस मिनिटांनी मला आत घेतलं. डॉक्टर हसत होते, बाबाही. फाइल कुणी मागितलीच नाही. बसायच्या हाडाजवळून एक नस जाते, ती दाबली जातेय, असं डॉक्टर म्हणाले. कमोडवर दुखतं का, हे त्यांनी स्वतःहून विचारलं होतं. तिथे मधला भाग मोकळा असतो, त्यामुळे नसेवर भार येत नाही. पक्कं करायला नसेजवळ बधिर करणारी सुई देऊन बघायचं. दुखणं तेवढ्यापुरतं थांबलं, तर खात्री झाली.

"आणि जागा काय अचूक दाखवली मास्तरांनी," डॉक्टर म्हणाले. "खिशातून खडू काढला आणि अंगातल्या पँटवरच रेघ मारली. दोन मांड्यांमधल्या शिवणीच्या डाव्या बाजूला, अर्धा इंच."

पुढचं सांगून टाकते. सुई दिली त्या दुपारी बाबा दवाखान्याच्या बाकावर पाऊण तास बसले. नुसते बसले. येणाऱ्या-जाणाऱ्याला सरकून जागा देत होते. दुखणं पुरतं गेलं असं नाही, ते कमी-जास्त होत राहिलं. पण व्यायाम होते, पुन्हा सुया होत्या, मधोमध कापलेली गादी त्यांनी स्वतःच शिवली, आणि दुकान आणखी नऊ वर्षं चाललं. आत्याच्या घरी जाऊन तिच्याशेजारी बसूनही आले.

पण मी सांगत होते ते त्या पहिल्या दिवसाचं. आम्ही स्टँडकडे चालत होतो. बाबा दोन पावलं पुढे, आणि पाय टाकताना ती पांढरी रेघ मधूनच दिसत होती. मी विचारलं, "बाबा, इतकी वर्षं कुणालाच का नाही सांगितलंत?"

ते माप सांगावं तसं, रागाशिवाय म्हणाले, "तू असायचीस ना शेजारी."

अवघड जागी दुखणं आणि जावई डॉक्टर, ही म्हण आमच्या घरात कितीतरी वेळा हसत वापरली गेली होती. आमच्याकडे जावई नव्हता, मी होते. बसमध्ये मी फाइल मांडीवर घेऊन बसले आणि रडले. बाबा शेजारी उभे राहून माझ्या डोक्यावर हात फिरवत होते, कारण त्यांना वाटलं मी आनंदानं रडतेय.