भिंतीला न टेकणारे भाऊसाहेब

शिरूरला आमच्या आळीतली घरं आमची होती, जमीन नगरपालिकेची. सत्तरच्या दशकात त्या जागांचे भाडेपट्टे संपत आले, तसे नगरपालिकेचे एक कारकून वरचेवर घरी यायला लागले. आई त्यांना भाऊसाहेब म्हणायची. भर उन्हाळ्यातही अंगात काळा कोट. आई खुर्ची पुढं करायची आणि ते दर वेळी म्हणायचे, "असू द्या. उभाच बरा हाय." चहासुद्धा उभ्यानंच प्यायचे, खोलीच्या मधोमध, कशालाही न टेकता. मला त्यांचं येणं फारसं आवडत नसे.

मुदत वाढवून हवी तर घर धडधाकट असल्याचा इंजिनिअरचा शेरा लागायचा. आमच्या मागच्या भिंतीला पुरुषभर उंचीची, बोट जाईल एवढी भेग होती. इंजिनिअरसाहेब पाहणीला आले त्या दिवशी भाऊसाहेब त्यांच्या आधी घरात शिरले आणि सरळ त्या भेगेला पाठ लावून उभे राहिले.

"तुम्हाला काय झालं?" साहेबांनी विचारलं.

"पाय भरून आलेत, साहेब."

साहेबांनी उरलेल्या भिंती पाहिल्या आणि ठीक आहे म्हणाले. बाहेर पडताना भाऊसाहेबांचा कोट मागून चुन्यानं पांढरा झाला होता. मी झटकायला गेलो.

"राहू द्या," ते म्हणाले. "अजून पुढची घरं हायेत."

महिन्याभरानं ते कागद घेऊन आले. आणखी तीस वर्षं मिळाली होती. आईनं खुर्ची पुढं केली.

"उभाच बरा हाय," ते म्हणाले. "ती भिंत तेवढी लिंपून घ्या. पुढच्या खेपेला मी नसंल."