पट्टीचा होकार

प्रयोगशाळेत तिला सगळे सोनारीण म्हणत. दिवसभर ती सोन्यात काम करायची, पण ते सोनं डोळ्यांना न दिसणारं, लालसर पाण्यात तरंगणारे बारीक कण. बोटाएवढ्या पट्टीवर त्या पाण्याचा थेंब सोडायचा, वाळवायचा आणि त्यावर डीएनएचा एकेरी धागा बसवायचा. रुग्णाच्या रक्तात काळ्या आजाराचा परजीवी असला, की त्याचा धागा या धाग्याला येऊन बिलगे, पट्टीतला वीजप्रवाह बदले आणि यंत्राचा हिरवा दिवा लागे.

“घरात गुंजभर सोनं नाही आणि ऐट सराफाची,” असं तिचा भाऊ तिला चिडवायचा. ऐट होतीच तिला. तिच्या पट्ट्या चुकत नाहीत, असं डॉक्टरही म्हणायचे.

भाऊ इमारतींना रंग देणारा. त्याला ताप आला तो उतरेचना. अंगातलं बळ गेलं, पोटात डावीकडे प्लीहा हाताला लागू लागली. डॉक्टर म्हणाले, काळा आजार असेल किंवा दुसरंही काही असेल, हाडातला मगज काढून तपासू. गडी चवथ्या मजल्यावर दोरीला लटकून भिंती रंगवणारा, पण सुईचं नाव काढताच त्याचा चेहरा पडला.

“ताई, हाडात सुई नको गं.”

“नको तर नको. माझ्या पट्टीला बोटातला थेंब पुरतो.”

तिने त्याला थेट आपल्या टेबलाशी बसवलं. आता रोजची रीत अशी, की सकाळी एका कोपऱ्यात पट्ट्यांची परीक्षा घ्यायची. त्यासाठी परजीवीचा डीएनए मुद्दाम मिसळलेलं पाणी असायचं. ते काम झालं की कोट उतरवायचा, धुतलेला घालायचा आणि मगच माणसाच्या रक्ताला हात लावायचा. परक्यांच्या रक्तासाठी ती हे वर्षानुवर्षं पाळत आली. घरच्यासाठी मात्र घाई केली. भाऊ तापाने फणफणलेला समोर बसला होता, आणि कोट बदलायला दाराबाहेर जावं लागे. म्हणून ती गेली नाही, एवढंच.

हिरवा दिवा लागला. रोगाचं नाव कळलं म्हणून बहीण चक्क हसली.

डॉक्टरांनी इंजेक्शनं सुरू केली. औषध जुनं आणि जहाल, हृदयावर उठणारं. वहिनी रोज यायची.

“वन्सं, सुई दिली की त्यांची छाती धडधडते हो.”

“औषध लागू पडतंय. धीर धरा, वहिनी.”

मग एका दुपारी प्रयोगशाळेतल्या नव्या मुलीने सोनारणीचा खुंटीवरचा, सकाळच्या परीक्षेचा कोट चढवला आणि पट्टीवर नुसतं शुद्ध पाणी टाकलं. हिरवा दिवा! “बाई, पाण्यालाच काळा आजार झालाय!” म्हणत ती खिदळली. सोनारणीने कोट काढून घेतला, बाहीच्या टोकावर ओला कापूस फिरवला आणि तो दुसऱ्या पट्टीवर पिळला. पुन्हा हिरवा. भावाचं रक्त तपासलं त्या दिवशी हाच कोट तिच्या अंगात होता.

संध्याकाळचं इंजेक्शन अजून व्हायचं होतं. फोन हाताशी होता. उद्या स्वच्छ कोट घालून पुन्हा थेंब घेऊ, खात्री करू, मग सांगू, उगाच कोणाला घाबरवायचं कशाला, असं ती मनाशी म्हणाली. खात्री कसली डोंबलाची! पत जपायची होती तिला. भावाच्या जिवापेक्षा त्या एका संध्याकाळी तिला आपलं नाव मोठं वाटलं, दुसरं काही नाही.

संध्याकाळी सुई झाली. भाऊ पाणी प्यायला उठला आणि पलंगापाशीच कोसळला. धावपळ झाली, हृदयाची सोनोग्राफी झाली. पहाटे तो गेला.

डॉक्टरांनी तिला बाजूला घेतलं. “झडपेला जंतू लागले होते. याला वेगळं औषध होतं, आणि ही इंजेक्शनं तर अशा हृदयाला द्यायचीच नसतात. पट्टीचा होकार पक्का होता ना?”

“पक्का होता.”

“मग दोन्ही आजार एकदम. नशीब म्हणायचं,” असं म्हणून ते वहिनीकडे वळले आणि तिलाही त्यांनी तेच सांगितलं.

सगळं सांगून टाकायचं असं ठरवून सोनारीण कामावर आली, तर वहिनीच तिच्या टेबलापाशी येऊन बसलेली. डोळे सुजलेले.

“वन्सं, तुम्ही होतात म्हणून रोग तरी कळला. नाहीतर कशाने गेले तेही समजलं नसतं.” तिने बोट पुढे केलं. “माझंही बघा. दुसऱ्या कुणावर माझा विश्वास नाही.”

“तुम्हाला काही झालेलं नाही, वहिनी.”

“कशावरून? एका घरात राहत होतो आम्ही.”

उत्तर जिभेवर आलं होतं. सोनारणीने ते गिळलं आणि वहिनीच्या बोटात सुई टोचली.