गेटवरचे विणकर

अंबिका परब नेमकं काय काम करते, हे आमच्या लालबागच्या चाळीत बरीच वर्षं कुणालाच नीट सांगता यायचं नाही. शेवंतीकाकू, म्हणजे तिची आई, विचारणाऱ्याला ‘कॉम्प्युटरवर असते’ एवढंच सांगून विषय संपवायची. खरं म्हणजे अंबिकाला व्हिडिओ गेम खेळायचा पगार मिळायचा. हे ऐकून लोक हसायचे, पण काम हसण्यासारखं नव्हतं. बाजारात येण्याआधी गेममध्ये काय चुकलंय ते शोधायचं. कुणाचा पाय जमिनीत रुततो, कुठे तलवार भिंतीच्या आरपार जाते, कुठलं दार उघडायला हवं आणि उघडत नाही. त्यासाठी एकच तुकडा पुन्हा पुन्हा खेळायचा, डोळे चुरचुरेपर्यंत.

तिचे वडील कुशाबाकाका मूळचे कणकवलीकडचे. गिरणीत साचेखात्यात होते, साचे म्हणजे माग चालवायचे. ब्याऐंशीचा संप सुरू झाला तेव्हा त्यांचं नवीन लग्न झालेलं होतं आणि पुढच्या वर्षी, संप चालू असतानाच, अंबिका झाली. संप कुणी मागे घेतला नाही, तो नुसता विरत गेला, आणि काकांना गिरणीने परत घेतलंच नाही. पुढे ते रे रोडला लाकडाच्या वखारीत रखवालदार झाले. काकू दादरला हिंदू कॉलनीत धुण्याभांड्याला जायला लागली. संपाने गिरणगाव बुडवलं, असं आजही लोक तोंड वर करून सांगतात. गिरण्यांच्या जागेवर उभे राहिलेले टॉवर जणू काही संपवाल्यांनीच बांधले. असं कुणी बोललं की काका उठून गॅलरीत जायचे. वाद घालणं त्यांनी कधीच सोडलं होतं. अंबिकाने मात्र ते सोडलं नव्हतं, आणि ही हकीकत त्याचीच आहे.

तिची कंपनी लोअर परळला होती, एका बंद पडलेल्या गिरणीच्या आवारात. काकांची गिरणी ती नव्हे, पण त्याच रस्त्यावरची. आवारातली चिमणी शोभेसाठी ठेवली होती आणि संध्याकाळी तिच्यावर जांभळे दिवे सोडायचे. दोन हजार तेरा साली कंपनीला परदेशातलं एक मोठं काम मिळालं. राजा, राक्षस, जादू, तलवारी असला गेम. त्याची सुरुवात, म्हणजे खेळणाऱ्याला चालायला, बघायला, तलवार फिरवायला शिकवणारा पहिला भाग, ज्याला ते ट्युटोरियल म्हणतात, मुंबईत बनवायचा होता. तो तपासायचं काम अंबिकाकडे आलं. ती खूश होती. असले गेम तिला मनापासून आवडायचे. सुरुवात चांगली जमली की माणूस त्या जगातला होऊन जातो, असं ती मला सांगायची.

पहिल्या दिवशी ती खेळायला बसली. नायक तंबूत जागा होतो. बाहेर बर्फ पडतोय. राजाचा सरदार त्याच्या हातात तलवार देतो आणि सांगतो, की पलीकडच्या गावातल्या विणकरांना एका चेटकिणीने भुलवलंय. त्यांनी माग बंद केलेत. राज्यात कापड नाही, पोरं थंडीने मरतायत. नायक टेकडी उतरतो. समोर उंच दगडी गेट, मागे करवतीच्या दात्यांसारखी छपरं आणि एक चिमणी. ती चिमणी बघून अंबिकाने खिडकीबाहेर पाहिलं. तीच होती. चित्रं काढणाऱ्यांनी खाली उतरून फोटो घेतले होते, बाकी काही नाही.

गेटवर विणकर उभे होते. पहिला विणकर हात वर करून उभा होता. सरदार म्हणाला, मार. अंबिका थांबली. विणकर जागचा हलला नाही, कारण खेळणाऱ्याला अजून ढाल धरायला शिकवलेलं नव्हतं. म्हणून पहिल्या शत्रूने उलटा वार करायचा नाही, अशी योजना होती. त्याला मारल्याशिवाय गेम पुढे जात नव्हता. तिने बाजूने जाऊन पाहिलं, मागे फिरून पाहिलं. वाटच नव्हती. शेवटी आपण पगार घेतो म्हणून तिने बटण दाबलं. विणकर कोसळला आणि पडद्यावर अक्षरं आली : शाब्बास.

त्या दिवशी घरी आल्यावर ती आमच्या दारात उभी राहिली. मला वाटलं, कुणाशी भांडून आली. तिने सगळं सांगितलं आणि म्हणाली, “शाब्बास म्हणतात गं वर.”

दुसऱ्या दिवशी ती चिंतामणीकडे गेली. गेमची गोष्ट लिहिणाऱ्यांचा तो प्रमुख. दादरचाच, शिवाजी पार्कच्या बाजूचा, वयाने तिच्याएवढा. वाईट माणूस नव्हता. कुणी आजारी पडलं तर घरी जाऊन भेटणारा, सगळ्यांना चहा पाजणारा. त्याने तिचं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग समजावलं, की हे काल्पनिक जग आहे, इथले विणकर म्हणजे गिरणी कामगार नव्हेत. जगात लाखो लोक हा गेम खेळतील आणि त्यातल्या एकाच्याही मनात परळ येणार नाही.

“म्हणूनच तर,” अंबिका म्हणाली. “ज्यांना काहीच माहीत नाही, त्यांना आपण पहिली गोष्ट ही शिकवणार. काम बंद करून उभा असलेला माणूस दिसला की हाणायचा.”

“अगं, तो माणूस नाही. ट्युटोरियल आहे तो.”

तिने रीतसर चूक म्हणून नोंद केली. ‘ठरवल्याप्रमाणेच आहे’ असा शेरा मारून ती बंद झाली. तिने पुन्हा केली, पुन्हा बंद झाली. शेजारी बसणाऱ्यांनी तिला समजावलं, की गेममध्ये आपण रोज कितीजणांना मारतो, तेव्हा तुला काही वाटलं नाही. हे तिला लागलं, कारण ते खरं होतं. पण राक्षस अंगावर धावून येतो, आणि हा हात वर करून उभा आहे, एवढा फरक कुणालाच का दिसत नाही, या विचाराने ती आणखी पेटायची. जेवताना ताटाशी बोलायची. काकू म्हणायची, नोकरी आहे ती, देऊळ नाही.

मग एका शनिवारी कंपनीने कर्मचाऱ्यांच्या घरच्यांना बोलावलं. जेवण, फुगे, आणि ज्याला हवं त्याने गेम खेळून बघायचा. अंबिकाने काकांना नेऊ नये असं मला वाटत होतं. पण काकांना गिरणीचं आवार बघायचं होतं. इस्त्रीचा शर्ट घालून ते निघाले. त्यांनी हट्ट केला म्हणून मीही बरोबर गेले.

चिंतामणीने काकांना स्वतः पुढे नेऊन बसवलं, हातात रिमोटसारखं यंत्र दिलं आणि कुठलं बटण कशाला ते न कंटाळता सांगितलं. काका लवकर शिकले. तंबूतून बाहेर आले, बर्फात हिंडले, मान वर करून बराच वेळ आभाळ बघत राहिले. त्यांना मजा वाटत होती. मागे जमलेली मंडळी कौतुकाने बघत होती. काका टेकडी उतरले. गेट आलं. विणकर आले. सरदार म्हणाला, मार.

काकांनी अंबिकाकडे पाहिलं. “हे कोण गो?”

“विणकर, बाबा.”

“काय केलानी तेनी?”

मागून कुणीतरी हसत सांगितलं, की त्यांनी माग बंद केलेत, काका, चौकोनाचं बटण दाबा. काकांनी दाबलं नाही. त्यांनी नायकाला अगदी त्या विणकराच्या तोंडासमोर नेऊन उभं केलं आणि वाट बघत राहिले. सरदार दर थोड्या वेळाने तेच वाक्य म्हणत होता. विणकर हात वर करून नुसता डुलत होता, श्वास घेतल्यासारखा. मागे चुळबुळ सुरू झाली. काकांनी चिंतामणीला विचारलं, “ह्यांना बोलता येत नाही का?”

चिंतामणी म्हणाला, या भागात त्यांना संवाद नाहीत.

“मग त्यांचं म्हणणं काय, ते कळणार कसं?”

चिंतामणी हसला. ते हसणं वाईट नव्हतं, माणूस अडचणीत हसतो तसा तो हसला. म्हणाला, पुढे कुठेतरी चेटकिणीची गोष्ट येते, तेव्हा कळतं थोडं. काकांनी मान हलवली आणि यंत्र टेबलावर ठेवलं. रांगेत मागे उभ्या असलेल्या एका गृहस्थाने ते लगेच उचललं आणि बटण दाबलं. विणकर पडला. टाळ्या पडल्या. टाळ्या त्या गृहस्थाला होत्या, मला माहीत आहे, पण काका तिथेच खुर्चीत बसलेले होते.

आम्ही जेवलो नाही. चालत घरी आलो. वाटेत काका बोलले ते एवढंच, की संपात गिरणीच्या गेटसभेवर पोलिसांची लाठी चालली तेव्हा गणपतने असेच हात वर केले होते, आणि त्याचं मनगट नंतर कधी सरळ झालं नाही. गणपत म्हणजे त्यांच्या शेजारच्या साच्यावरचा. अंबिकाने हे कधी ऐकलं नव्हतं. मीही नाही.

सोमवारी परदेशातल्या लोकांशी पडद्यावरून बैठक होती. अशा बैठकीत तपासणाऱ्यांनी बोलायची पद्धत नसते. अंबिका बोलली. इंग्रजी तिचं काही फार सफाईदार नव्हतं, पण तिने गेटपासून सगळं सांगितलं. हे या शहरात घडलंय, याच जमिनीवर घडलंय, आणि ती माणसं अजून जिवंत आहेत. पलीकडची माणसं गंभीर झाली. त्यांनी आभार मानले. मुद्दा फार महत्त्वाचा आहे, आम्ही बदल करू, असं म्हणाले. त्या संध्याकाळी तिने चाळीत सगळ्यांना बटाटेवडे आणले.

पुढच्या महिन्यात नवी सुरुवात तयार होऊन आली. गेट तेच. चिमणी तीच. हात वर करून उभा असलेलाही तोच, फक्त त्याला चेहरा उरला नव्हता. विणकर आता जिवंत नव्हते. चेटकिणीच्या जादूने उभी राहिलेली प्रेतं होती ती. कातडी करडी, डोळ्यांच्या जागी भोकं. सरदाराचं वाक्य तेच होतं. बटणही तेच. पडल्यावर वर येणारं शाब्बासही तसंच होतं. सोबत सगळ्या कंपनीला पत्र आलं होतं, त्यात अंबिकाचं नाव घेऊन तिच्या संवेदनशीलतेचं कौतुक केलं होतं. माणसं तिच्या टेबलाशी येऊन अभिनंदन करून जात होती.

चिंतामणीही आला. त्याला मनापासून बरं वाटत होतं. “झालं ना तुझ्या मनासारखं? आता कुणाला वाईट वाटणार नाही.”

अंबिका त्याला म्हणाली, “तुम्ही त्यांना आधीच मारून ठेवलंत.”

तो म्हणाला, प्रेतांना मारण्यात काय चुकीचं आहे ते तरी सांग. तिने सांगितलं, की चूक प्रेतांना मारण्यात नाही. जिवंत माणसाचं ऐकायला लागेल म्हणून त्याचं प्रेत करण्यात आहे. आमच्या लोकांचं तुम्ही कायम हेच केलंत. आधी म्हणालात, कुणी भुलवलंय त्यांना. मग म्हणालात, ते संपले. त्यांचं म्हणणं काय होतं, हे मधे कधी विचारलंच नाहीत. चिंतामणी दुखावला. मी केलं का हे, असं त्याने विचारलं. त्याचा जन्मही संप सुरू झाल्यानंतरचा. त्याने काही केलं नव्हतं हे खरंच. पण कुणीच काही केलेलं नसतं आणि तरी गेटवरचा माणूस पडतो, याचाच तिला संताप होता.

सुरुवात तपासून झाली, योग्य आहे, असं लिहून द्यायचं काम तिचं होतं. तिने नकार दिला. दुसऱ्या कुणीतरी ते दिलं, त्यात अडलं काही नाही. मग गेमच्या शेवटी जी नावं येतात, त्यातून आपलं नाव काढा, असं तिने कळवलं. हे मात्र वरच्यांना झोंबलं. नाव घाला म्हणून भांडणारे त्यांनी पाहिले होते, काढा म्हणणारी कुणी पाहिली नव्हती. चिंतामणी दोनदा समजवायला आला. घरी काकू रडली. म्हणाली, मी दुसऱ्यांची भांडी घासली ती तुझं नाव कुठेतरी लागावं म्हणून. काका तेवढे मध्ये पडले. “तिचा नाव, ती बघात,” एवढं बोलून ते चहा प्यायला लागले.

गेम बाजारात आला. चांगला खपला. सुरुवातीची फार तारीफ झाली, विशेषतः त्या गेटच्या देखाव्याची. अंबिकाचं नाव कुठेही नव्हतं. वर्षभरात तिने ती कंपनी सोडली. आता अंधेरीला एका बँकेचं मोबाइलवरचं ॲप तपासते. तिथे तलवारी नाहीत. तिला कंटाळा येतो, आणि आपल्याला कंटाळा येतो याचाही राग येतो, कारण तिला गेमच आवडायचे आणि ते तिच्याकडून गेले.

परवा गणपती बघायला आम्ही दोघी बाहेर पडलो होतो, तेव्हा मी तिला विचारलं. त्या विणकरांना गेटवर बोलू दिलं असतं, चार वाक्यं का होईना, तर पटलं असतं का तुला?

तिने विचार केला. “बोलू दिलं असतं तर एवढी चिडले नसते.”

थोडं पुढे गेल्यावर म्हणाली, “नाही गं. ऐकून घेऊन मग मारायला सांगितलं असतं, तर आणखीच चिडले असते.”