दादाची सनई पुसली गेली

मित्रांनो, जुनी वाद्यं दुरुस्त करणाऱ्या माझ्याच हातून आज चूक झाली.

आज सकाळी वहिनी खोपोलीहून कर्जतला माझ्याकडे दादाचा सिंथेसायझर घेऊन आली. ऐंशीच्या दशकात दादा तो ऑर्केस्ट्रात वाजवायचा. सनईसारखा एक आवाज त्याने स्वतः बनवून त्यात साठवला होता, आणि स्वतःच्या हळदीला पिवळ्या हातांनी वाजवला होता. दादा गेल्यापासून वाद्य बंदच होतं.

काही पट्ट्या वाजत नव्हत्या, म्हणून उघडलं. आत जुनी बॅटरी दिसली. साठवलेले आवाज तिच्यावरच टिकून असतात. आधी ते कॅसेटवर उतरवून घ्या, हे लोकांना मीच बजावतो. आज मात्र कंटाळा केला. बॅटरी गळेल या भीतीने ती काढली आणि नवी टाकली.

वहिनी म्हणाली, "भावोजी, त्यांची सनई लावा ना."

बटण दाबलं. नुसती खरखर.

मग तासभर बसून आठवेल तसा आवाज जुळवला. वहिनी डोळे मिटून ऐकत होती.

"ही त्यांची नाय," ती म्हणाली. "पन वाजवा."

दुरुस्ती झकास झालीय. सगळ्या पट्ट्या वाजतायत. सांगा, दादाच्या सनईशिवाय काय करू त्या पट्ट्यांचं?