चुलीतलं मीठ

भागूबाई माझी थोरली जाऊ. चाकणजवळच्या आमच्या मळ्यात दोघींचं काम एकटी उरकायची. पंचावन्न साली तिला मिठाचं वेड लागलं. भाकरीसोबत खडे मीठ कडाकडा चावायची. अंग काळवंडलं, उभी राहिली की घेरी यायची. आम्ही शहाण्यांनी ठरवलं, दृष्ट लागलीय. तिला अळणी जेवण सुरू केलं, आणि मिठाचं मडकं मीच माळ्यावर लपवलं. महिन्याभरात ती गेली.

तेराव्यानंतर थोरल्या दिरांनी पिंपरीच्या डॉक्टरांना सगळं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "अंगातलं मीठ लघवीवाटे जात होतं. म्हणून तिचा मेंदू मीठ मागत होता."

तिचा मेंदू चालत होता, बंद पडला होता तो आमचा.

शेवटच्या संध्याकाळी मी तिची दृष्ट काढली. मूठभर खडे मीठ तिच्यावरून ओवाळून चुलीत टाकलं. ते तडतडलं. चुलीकडं बघत ती म्हणाली, "कुशा, समदं नगं टाकू गं. एक खडा मला दे."

मूठ झाडून मी हात धुतले.